मालकांची फटफटी

आमच्या घरमालकांइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि शर्यतीची फटफटी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. या दोन गोष्टी एका माणसात कशा मावत होत्या, हे तेव्हा मला कळत नव्हतं. आताही सगळं कळलंय असा माझा दावा नाही.

घराणं पिढीजात मुंबईकर. वाडवडिलांच्या वाड्या होत्या, सरकारी कचेऱ्यांत मानाच्या जागा होत्या. मालकांपर्यंत येता येता त्यातलं उरलं ते एवढंच: गिरगावातली आमची चाळ, तिच्या तळमजल्यावरचा दिवाणखाना आणि त्या दिवाणखान्यात सतरंजीवर उभी असलेली सव्वाशे सी.सी.ची विलायती फटफटी. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बाई घरात आली की तिची काळजी करावी लागते. माझ्याकडे काळजीला आता जागा शिल्लक नाही."

खरंच नव्हती. घराबाहेर पडताना ते आधी मान वर करून सगळ्या गॅलऱ्या न्याहाळायचे. कठड्यावर कुणाची तुळस दिसली की तिथूनच ओरडायचे, "अहो, तुळस पवित्र आहे, कबूल, पण कुंडी वजनदार आहे!" खुर्ची हलवून बघितल्याशिवाय बसायचे नाहीत. रविवारी स्वयंपाकीणबाई निखाऱ्यांवर भाजून कोळंबीचं भानोलं करायच्या, ते मालक एकेक कोळंबी उजेडात धरून, जणू ती अजून जिवंत असावी अशा संशयानं खायचे. रस्ता ओलांडायचा तर चाळीतलं कुणीतरी हाताला हवं. मी कित्येकदा त्यांना पलीकडे सोडून आलोय. पन्नाशी उलटलेला, धोतर-कोटातला, सहा फुटी माणूस माझं मनगट घट्ट धरून डोळे मिटून चालायचा. ट्रामचा दांडा वरच्या तारेला घासून ठिणगी उडाली तरी त्यांच्या तोंडून "गेलो!" निघायचं.

चाळीतल्या सगळ्यांना, अगदी म्हाताऱ्यांनाही, ते अरे-तुरे करायचे. अहो-जाहो दोघांनाच. एक बायकांना आणि दुसरं फटफटीला. "चला, निघायचं ना? पुसून घेतो हं जरा." त्यांचा डावा गुडघा वाकत नसे. तो कुठल्या शर्यतीत गेला हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्या वर्षांत मुंबईत भीतीला तोटा नव्हता. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते, हरताळ पडत होते आणि गोळ्याही सुटत होत्या. मी फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होतो. एका संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मोर्चात शिरलो. शेजारी चालणाऱ्या एका अनोळखी माणसानं चिवड्याची पुडी माझ्यापुढे केली, मी चिमूटभर घेतला, आणि तेवढ्यात बार झाले. मी एका रद्दीच्या दुकानात गठ्ठ्यांमागे पालथा पडलो. बाहेर आलो तेव्हा चिवडा रस्त्यावर सांडलेला होता आणि तो माणूस उठत नव्हता.

तेव्हापासून माझा उजवा हात थरथरायला लागला. कचेरीत शाईचे डाग पडायचे आणि हेडक्लार्क चष्म्यावरून बघायचे. दार आपटलं, स्टोव्ह फुसकारला, कुणी मागून हाक मारली, की छातीत धस्स व्हायचं. हे मी आईला कळू दिलं नाही. माझे वडील गोदीच्या स्फोटात गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्या दिवसापासून कुठेही मोठा आवाज झाला की आई गॅलरीत येऊन माझं नाव घेऊन हाका मारायची, मी तिच्या मागे जेवायला बसलेलो असलो तरीसुद्धा. आम्ही दोघंच होतो. तिच्या भीतीवर आणखी माझी भीती घालणं मला बरं वाटेना.

मालक एकदा आमची ओल आलेली भिंत बघायला आले. मी चहा पुढे केला आणि कप बशीत टणटण वाजायला लागला. भिंत राहिली बाजूला, ते माझ्या हाताकडेच बघत बसले.

"केव्हापासून?"

मी सांगितलं. आई आत होती म्हणून हळू आवाजात सांगितलं.

"छान थरथरतोय," ते म्हणाले. "फटफटीवर बसशील?"

मला वाटलं, यांचं डोकं फिरलंय. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "अरे, तुझी भीती मोकाट सुटलीय. तिला काही कामच नाही. बिनकामाची भीती हात हलवते. तिला काम दिलं की तीच हात धरते. माझं बघ. माझी भीती दिवसभर राबत असते, म्हणून मी जिवंत आहे."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. आईला सांगितलं की मालकांच्या कोर्टकचेरीची कामं बघतो.

पहिले कित्येक दिवस फटफटी सतरंजीवरून हललीच नाही. मी डोळे मिटून तिच्यावर बसायचो आणि मालक लंगडत भोवती फिरत शर्यतीचा मार्ग सांगायचे. "आता सरळ. आता डांबराचं पिंप दिसलं. गिअर उतरव. झुक. अरे, झुक म्हणजे नमस्कार नव्हे!" दिवाणखान्यात गाद्या अंथरून त्यांनी मला स्टुलावरून पडायला शिकवलं. हात पसरून पडायचं नाही, अंग गोळा करून लोळायचं. धपाधप आवाज ऐकून चाळीतली मंडळी खिडकीशी जमायची. मालक त्यांना सांगायचे, "काही नाही, भाडं थकलंय."

पेट्रोल भरण्याचा तर सोहळाच असे. मलमलीच्या घडी घातलेल्या फडक्यातून ते तीनदा गाळायचं, मग त्यात तेल मिसळायचं, मग बाटली उजेडात धरून बघायची. फडक्यावर कणभर काही दिसलं की पुन्हा पहिल्यापासून. "ही बाई नाजूक आहे," म्हणायचे. "हिला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. घशात कण अडकला की तेलही बंद, मग पिस्टन तापून जागच्या जागी चिकटतो आणि मागचं चाक दगडासारखं थांबतं. तेव्हा तू कुठे असशील? हवेत." म्हणून डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. जेवताना, झोपताना, ट्राममध्ये दांडा धरताना सुद्धा दोन बोटं सुटी ठेवायची सवय त्यांनी मला लावली. चाक अडकलं की बोटं आपोआप मिटायला हवीत, विचार करायला वेळ नसतो.

आणि गाडीवर पाय टाकण्याआधी दर वेळी एक प्रश्न. "आज कशाची भीती वाटते?"

"पडण्याची" हे उत्तर चालायचं नाही. "कुठे पडण्याची? कोणत्या वळणावर? कोणत्या कुशीवर?" नेमकं सांगता आलं नाही तर त्या दिवशी शिकवणी बंद. "वाटत नाही" असं एकदा बढाईनं म्हणालो, तर पुढचे आठ दिवस मला दिवाणखान्यात पाऊल टाकू दिलं नाही.

रस्त्यावर सराव करायचा तर हरताळाच्या दिवशी, कारण तेव्हाच रस्ते मोकळे. अशाच एका हरताळाच्या सकाळी आम्ही लालबागेत गेलो. मी पुढे, मालक मागे डोळे मिटून. काळाचौकीच्या वळणावर मी चुकीच्या वेळी गिअर उतरवला आणि गाडीनं एकापाठोपाठ दोन बार काढले.

पुढचं दृश्य मी विसरलेलो नाही. समोरच्या चाळीच्या गॅलऱ्या एका क्षणात ओस पडल्या. बायकांनी पोरं ओढून आत घेतली, दारं धडाधड बंद झाली, पानाच्या बंद गादीवर टेकलेला माणूस गादीखाली गेला. कुठूनतरी एका बाईचा रडण्याचा आवाज यायला लागला. मी गाडी थांबवली. माझा हात इतका थरथरत होता की चावी फिरवता येईना. एक म्हातारा गिरणीकामगार जिन्याखालून बाहेर आला आणि त्यानं माझी कॉलरच धरली.

"मेल्या, चार दिस झाले नाय हयसर गोळये सुटाक, आणि तू फटाके उडवतंस? खयचो रे तू?"

मालक मागून उतरले. मला वाटलं, आता हे बेशुद्ध पडतात. पण त्यांनी टोपी काढली, त्या म्हाताऱ्यापुढे वाकले आणि म्हणाले, "चूक झाली. पोराची नाही, माझी." मग प्रत्येक बंद दारापाशी जाऊन त्यांनी तेच सांगितलं. "गोळी नव्हे हो, फटफटी होती. चूक झाली." लालबागेपासून गिरगावापर्यंत आम्ही इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत आणली. त्यानंतर शहरात त्यांनी ती गाडी कधी चालू केली नाही. गोधडीत गुंडाळून, दुखणेकऱ्यासारखी, भाजी उतरवून उपनगरात परत जाणाऱ्या लॉरीत ती चढवायची आणि तिकडे लढाईच्या काळातल्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर न्यायची. एका मोटार क्लबाच्या शर्यती तिथेच होत. पिंपं मांडून वळणं आखलेली असत आणि वळणांच्या बाहेर गवताच्या पेंढ्या रचलेल्या.

तिथे मला वेग म्हणजे काय ते कळलं. धावपट्टीच्या सरळ भागात वारा डोळ्यांतून पाणी काढायचा आणि पुढचं पिंप अंगावर चालून यायचं. मी भयंकर घाबरायचो. पण ती भीती पुढे होती, पिंपाच्या जागी, दिसणारी. पाठीमागून येणारी नव्हती. घरी आल्यावर कप बशीत वाजायचा थांबला. हेडक्लार्कांनी एक दिवस माझ्या अक्षराचं कौतुकही केलं.

आईला कळायचं ते कळलंच. सदऱ्याला पेट्रोलचा वास आणि कोपराला खरचटलेलं, किती दिवस लपणार? ती तडक खाली दिवाणखान्यात गेली. मी मागोमाग.

"मालक, माझ्याकडे हा एकच आहे."

"ठाऊक आहे, वहिनी."

"मग याला काही होणार नाही, असं मला सांगा."

"कसं सांगू? होऊ शकतं. मला तर रोज वाटतं, आजच होणार."

आई भांडायला गेली होती. ती दाराच्या पायरीवर बसली.

"कळतं तर नेता कशाला?"

मालकांनी तांब्यातून भांडं काठोकाठ भरलं आणि माझ्या उजव्या हातात दिलं. पाणी हललं नाही. आई त्या पाण्याकडे बघत राहिली. म्हणजे हात थरथरत होता हे तिला आधीपासून ठाऊक होतं. मीच मूर्ख, लपवत बसलो होतो.

"एकदाच," ती म्हणाली. "एकच शर्यत. मग नाही." आणि पुढचे दिवस ती आमच्या दोघांशीही बोलली नाही.

शर्यतीच्या सकाळी मालकांनी टाकी भरून, झाकण लावून गाडी अंगणात आणून ठेवली होती. लॉरी यायची होती. आई तबक घेऊन खाली उतरली. न बोलता तिनं गाडीच्या हँडलला हळदकुंकू वाहिलं, माझ्या कपाळाला मठातला अंगारा लावला आणि उरलेल्या अंगाऱ्याची पुडी तशीच मुठीत धरून उभी राहिली. मालक टोपी आणायला आत गेले. मी बुटांच्या नाड्या बांधत वाकलो होतो. वर बघितलं तेव्हा आई जिना चढून गेलीही होती.

धावपट्टीवर मालकांनी विचारलं, "आज कशाची भीती वाटते?"

"दुसऱ्या पिंपानंतर सरळ सुटतो तिथली. उजव्या कुशीवर पडण्याची. आणि मी पडलो तर आईला कोण सांगणार, याची."

"शाबास," मालक म्हणाले आणि तोंड फिरवून त्यांनी कानात कापूस घातला.

शर्यत कशी झाली ते मी फारसं सांगू शकत नाही. मधल्या घोळक्यात होतो, एकाला मागे टाकलं, दोघे मला टाकून गेले. शेवटच्या फेरीत सरळ भागात मूठ पूर्ण पिळली आणि इंजिनाचा आवाज एकाएकी बारीक झाला, कोरडा झाला. मागचं चाक थांबलं. दोन बोटं मिटली होती, मी मिटली नव्हती. चाक सुटलं, गाडी आडवी घसरली, मी उजव्या कुशीवर लोळत पेंढ्यांत गेलो. मागच्या फटफटीचं चाक माझ्या कानापासून वीतभर अंतरावरून गेलं. बोटं मिटायला क्षणभर उशीर झाला असता तर मी त्याच्या वाटेत मधोमध पडलो असतो.

डोळे उघडले तेव्हा मालक धावपट्टी ओलांडून माझ्याकडे येत होते. गाड्या दोन्ही अंगांनी जात होत्या. न वाकणारा पाय ओढत, डावीउजवीकडे न बघता ते येत होते आणि लोक ओरडत होते. माझ्या खांद्याचं हाड मोडलं होतं. मालकांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि "बोल काहीतरी, शिवी दे, पण बोल," असं म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी खांद्याला प्लास्टर घालून दिवाणखान्यात बसलो होतो. मालकांनी कागद अंथरून त्यावर कार्ब्युरेटर उघडला. खालच्या वाटीत करड्या रंगाचा गाळ बसला होता. त्यांनी तो बोटावर घेतला, चिमटीत चोळला, नाकाशी नेला. मग माझ्या कपाळाकडे पाहिलं. प्लास्टरच्या गडबडीत कपाळावरचा अंगारा तसाच राहिला होता. मलाही वास आला. पेट्रोलच्या वासाखाली उदबत्तीचा मंद वास.

ती गाडी जिथून खाते त्या टाकीतच आईनं उरलेला अंगारा, तिचा देव, घातला होता. तिच्या दृष्टीनं त्याहून सुरक्षित जागा कुठली?

तेवढ्यात दारात आईच उभी राहिली. रात्रभर रडून डोळे सुजलेले.

"कशानं झालं?" तिनं विचारलं. "काय आहे ते वाटीत?"

आदल्या दिवशी पेंढ्यांत पडताना वाटली नव्हती एवढी भीती मला त्या क्षणी वाटली. मालकांना खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या चाळीला माहीत होतं. याला काही होणार नाही एवढंसुद्धा खोटं ते तिच्याशी बोलले नव्हते.

"टाकीतला गंज," मालक म्हणाले आणि वाटी धोतराच्या सोग्यानं पुसून टाकली. "पेट्रोल गाळायचं राहून गेलं, वहिनी. माझ्या हातून."

"राहून गेलं? तीन-तीनदा गाळता म्हणून सगळ्या चाळीला सांगत असता, आणि माझ्या पोराच्या वेळी राहून गेलं?"

"हो."

"देवानं वाचवला म्हणून! नाहीतर तुम्ही मारलाच होता त्याला!"

"हो, वहिनी."

"मालक..." मी तोंड उघडलं.

"तू बोलू नकोस," ते माझ्यावर खेकसले. "तुझं हाड मोडलंय."

आई गेल्यावर मी विचारलं, हे काय केलंत? ते सुटे भाग पुसत होते.

"तुझं हाड जुळेल," ते म्हणाले. "तिला कळलं तर ती रोज सकाळी देवापुढे उभी कशी राहील? घाबरली की धाव घ्यायला तरी तिला कुणीतरी जवळचा हवा ना."

मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. ते मी पाळलं, पण पाळणं सोपं नव्हतं. आईनं ती हकिगत नळावर सांगितली, नळावरून ती गल्लीभर झाली, गल्लीतून क्लबात गेली. मालक पेट्रोल न गाळता पोराला शर्यतीत सोडतात, म्हणे. दोघं-तिघं शिकायला यायचे, ते यायचे बंद झाले. क्लबानं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. जन्मभर ज्या एका बाबतीत त्यांनी कधी हयगय केली नाही, नेमक्या त्याच बाबतीत त्यांचं नाव गेलं. मी शर्यत सोडली, आईला शब्द दिला होता. फटफटी गोधडीखाली गेली.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा चाळीनं अंगणात फटाके लावले, पेढे वाटले. मालक कानात कापूस घालून ताट घेऊन प्रत्येकाच्या दारात गेले. आईनं सगळ्यांच्या हातचा पेढा घेतला, त्यांच्या हातचा घेतला नाही. ते दारात थोडा वेळ थांबले आणि पुढच्या बिऱ्हाडाकडे गेले. मला आईचा संताप आला, तिची कीवही आली, आणि यांतलं काहीच बोलायची सोय नव्हती.

पुढे कित्येक वर्षांनी आई आजारी पडली, ती उठण्याची आशा नव्हती. मालक आता काठी घेऊन चालत. तरी रोज संध्याकाळी दोन जिने चढून ते यायचे, उंबऱ्याबाहेरूनच "कसं आहे?" विचारायचे आणि परत जायचे. तिनं आत बोलावलेलं नव्हतं म्हणून आत येत नसत. एके दिवशी आईनंच हाक मारली.

"मालक, आत या. किती वर्षं बाहेर उभे राहणार?"

ते आत आले. आईनं त्यांना जवळ बसायला सांगितलं.

"माणूस आहे, विसरतो," ती म्हणाली. तिला धाप लागत होती. "मी फार बोलले तुम्हाला. जाताना मनात ठेवायचं नाही. मी माफ केलं तुम्हाला."

मालकांनी तिच्यापुढे दोन्ही हात जोडले.

"फार उपकार झाले, वहिनी."

ते उठले, मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेलो. पहिल्या पायरीवर त्यांनी माझं मनगट धरलं. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. परत आलो तेव्हा आई डोळे मिटून पडली होती. चेहरा शांत होता, कित्येक वर्षांत बघितला नव्हता इतका.

"बिचारे," ती म्हणाली. "एवढी मोठी चूक उरावर घेऊन कसे जगले असतील रे?"

"त्यांनाच ठाऊक," मी म्हणालो आणि तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.